कावसजीचा हात

१७९२ साली टिपूविरुद्धच्या मोहिमेत इंग्रज फौजेचे बैल हाकणारा एक गडी म्हैसूरकरांच्या तावडीत सापडला. इंग्रजी कागदांत त्याचे नाव कावसजी असे नोंदले गेले. तो मराठा होता आणि शेतकरी कुळातला होता, असेही तिथे लिहिले आहे. त्याचे नाक कापले गेले आणि एक हात तोडला गेला. तशाच अवस्थेत तो श्रीरंगपट्टणाजवळ मुंबईच्या फौजेला येऊन मिळाला. वर्षभराहून अधिक काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ एका कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. हा कारागीर कुंभारकाम किंवा वीटकाम करणाऱ्या जातीतला होता. त्याचे नाव मात्र कुणी लिहून ठेवले नाही.

ही हकीकत ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने छापली, तेव्हा युरोपातले शल्यवैद्य चकित झाले. मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती आणि ती कशी करतात याची बारीक नोंद त्यात होती. आधी मेणाचा पातळ पत्रा करून तो उरलेल्या नाकावर बेतायचा. मग तो सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ ओढायची. त्या आकाराचे कातडे सोलायचे, पण दोन डोळ्यांच्या मधली एक चिंचोळी पट्टी तशीच जोडलेली ठेवायची, म्हणजे रक्त वाहत राहते. कातडे उलटवून नाकाच्या जागी बसवायचे. सांध्यावर कात पाण्यात कालवून लावलेल्या कापडाच्या पट्ट्या चिकटवायच्या. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजवलेली कापडे ठेवायची. दहाव्या दिवशी नाकपुड्या मोकळ्या राहाव्यात म्हणून मऊ कापडाचे बोळे घालायचे. पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास ती जोडपट्टी कापून टाकायची. जेम्स वेल्स या चित्रकाराने नव्या नाकासह कावसजीचे चित्रही काढले. पुढे १८१४ साली जोसेफ कार्प्यू याने लंडनमध्ये याच पद्धतीने नाक बसवले आणि प्लॅस्टिक सर्जरीच्या इतिहासात पुण्याचे नाव कायमचे नोंदले गेले.

त्याच बातमीत तुटलेल्या हाताचाही उल्लेख आहे. कावसजीला ईस्ट इंडिया कंपनीचे निवृत्तिवेतन मिळत होते, हेही तिथे आहे. हातासाठी कुणाकडे काही करण्यासारखे नव्हते. प्लॅस्टिक सर्जरीचे इतिहासकार नाकाची गोष्ट सांगून पुढे जातात. मला मात्र राहून राहून त्या हाताचा विचार येतो. बैल हाकणारा, शेतीत राबणारा माणूस नव्या नाकाने चारचौघांत परत बसू शकला असेल, पण दोर कसा धरला असेल, औत कसे धरले असेल? ज्या पुण्यात नाक परत मिळत होते तिथे हात परत मिळायला जवळजवळ पावणेदोनशे वर्षे का लागली?

कारण नाकाचे काम कातड्यावर बरेचसे भागते. कातडे जगले की नाक तगते. हातात मात्र एका पंजात सत्तावीस हाडे असतात. बोटे हलवणारे मुख्य स्नायू बोटांत नसून कोपराखाली, पुढच्या हातात असतात. तिथून त्यांच्या दोऱ्या, म्हणजे टेंडन, मनगटाच्या अरुंद बोगद्यातून बोटांपर्यंत जातात. तीन मोठ्या नसा त्यांना हुकूम देतात आणि स्पर्शाची खबर वर नेतात. अंगठ्याकडची आणि करंगळीकडची अशा दोन धमन्या तळव्यात कमानीसारख्या जुळून रक्त पुरवतात. यातले एखादे तुटले तरी बाकी सगळे शाबूत असूनही हात निकामी होऊ शकतो. शिवाय शिवण घातलेली दोरी आजूबाजूला चिकटली तर बोट वाकतच नाही. तळव्याची वरची घडी ते बोटाचे मधले पेर या टप्प्यात दोन दोऱ्या एकाच नळीतून सरकतात. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत नामवंत सर्जनही त्या भागात सुई घालायला धजत नसत.

त्या काळी जखमी हाताचे काय होत असे, हे पाहायला पुणे जिल्ह्यातल्या न्हावरे गावाकडे येऊ. न्हावऱ्यापासून शिरूर वीसेक किलोमीटर. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी घोड नदीकाठच्या या शिरूरला कंपनीची मोठी छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉंटनची तुकडी इथूनच निघाली आणि दुसऱ्या दिवशी कोरेगाव भीमा येथे पेशव्यांच्या फौजेशी तिची गाठ पडली. तुकडीबरोबर वायली आणि विंगेट हे दोन सहायक सर्जन होते. त्या दिवशी त्यांना शस्त्रक्रियेऐवजी तलवार हाती धरावी लागली आणि विंगेट तिथेच मारला गेला. लढाईनंतर जखमींना शिरूरलाच परत आणले गेले.

बंदुकीच्या गोळीने हाड चुरा झालेल्या हाताचे त्या काळात काय होत असे, हे शल्यशास्त्राच्या जुन्या ग्रंथांत मिळते. जितक्या लवकर तोडाल तितका जीव वाचण्याचा संभव अधिक. नेपोलियनचा सर्जन लारे याने तर चोवीस तासांच्या आत तोडावे असाच दंडक घातला होता. भूल नव्हती, जंतूंची कल्पना नव्हती. रुग्णाला दोघातिघांनी दाबून धरायचे आणि सर्जनने करवत चालवायची. चांगला सर्जन म्हणजे मिनिटांत काम उरकणारा. हात वाचवणे हा त्या काळचा प्रश्नच नव्हता, माणूस वाचवायचा होता.

बॉस्टनमध्ये १६ ऑक्टोबर १८४६ रोजी ईथरची भूल जाहीरपणे दिली गेली. १८६७ साली लिस्टर या सर्जनने कार्बोलिक ॲसिडने जखमा निर्जंतुक ठेवण्याची आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्याच वर्षी पुण्याचे ससून रुग्णालय उभे राहिले. भूल आणि जंतुनाशन आल्यावर पोट उघडता येऊ लागले. हाताच्या वाट्याला मात्र पुढची सत्तरऐंशी वर्षे पू काढणे, मोडलेले हाड बसवणे आणि न जमल्यास तोडणे एवढेच आले.

दुसऱ्या महायुद्धात पारडे फिरले. अमेरिकेत स्टर्लिंग बनेल या सर्जनने आग्रह धरला की हाताची हाडे, टेंडन, नसा आणि कातडे चार वेगळ्या तज्ज्ञांकडे वाटून चालणार नाही, एकाच माणसाला चारही यायला हवे. त्याचा हाताच्या शस्त्रक्रियेवरचा ग्रंथ १९४४ साली आला. त्याच वर्षी पुण्यात लष्कराचे कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. आघाडीवरून हात-पाय गमावून येणाऱ्या जवानांना तिथे लाकडाचे, चामड्याचे, धातूचे अवयव मिळू लागले. या केंद्राने फार मोठे काम केले आहे. पण लोखंडी आकड्याने बादली उचलता येते, तान्ह्या मुलाचा गाल गरम लागतो की नाही हे कळत नाही.

हात परत कामाला लावण्याची विद्या भारतात आली ती या जवानांसाठी नव्हे. ती आली कुष्ठरोग्यांसाठी.

कुष्ठरोगाचे जंतू शरीरातल्या थंड जागा पसंत करतात. कातडीलगत धावणाऱ्या नसा तुलनेने थंड असतात. कोपराच्या आतल्या बाजूचे हाड आपटले की झिणझिण्या येतात, ती नस त्यातलीच एक. ती तिथे सुजते, दोरखंडासारखी जाड होते आणि तिने चालणारे हातातले छोटे स्नायू मरतात. करंगळी आणि अनामिका आखडून वाकतात. मनगटाजवळची दुसरी नस गेली की अंगठाही समोर येत नाही. सगळा हात पक्ष्याच्या पंजासारखा होतो. स्पर्श गेलेला असतो म्हणून चुलीवरचे भांडे, विडीचे थोटूक बोट जाळत राहते आणि माणसाला कळत नाही. १८९८ च्या कुष्ठरोगी कायद्याने सरकारला अशा माणसांना डांबून ठेवण्याचा अधिकार दिला होता आणि तो कायदा रद्द व्हायला २०१६ साल उजाडले. गावोगावी कायद्याची गरजही नव्हती. घरातल्या माणसाचे बोट वाकले, चट्टा दिसला की त्याला वेशीबाहेर काढले जाई.

पॉल ब्रँड हा तमिळनाडूतल्या कोल्ली डोंगरात मिशनरी आईबापांपोटी जन्मलेला सर्जन १९४६ साली वेल्लोरला आला. चेंगलपट्टूच्या कुष्ठरोग आश्रमात एका रुग्णाच्या आखडलेल्या हाताशी त्याने हस्तांदोलन केले आणि त्या पंजाने त्याचा हात करकचून आवळला. ब्रँडच्या लक्षात आले की पुढच्या हातातले मोठे स्नायू जिवंत आणि दणकट आहेत, मेलेत ते फक्त पंजातले लहान स्नायू. मग जिवंत स्नायूची दोरी काढून मेलेल्याच्या जागी का जोडू नये? पोलिओग्रस्तांवर हे प्रयोग झालेले होते. कुष्ठरोग्यांवर कुणी केले नव्हते, कारण त्यांचे मांस सडते आणि जखम भरत नाही, असा सर्वांचा समज होता. ब्रँडने दाखवून दिले की बोटे सडून गळत नाहीत. वेदना नसल्यामुळे ती रोज जखमी होत जातात, रात्री झोपेत उंदीर कुरतडतात तरी कळत नाही. म्हणून त्याच्या रुग्णालयातून घरी जाणाऱ्याला मांजर दिले जाऊ लागले.

हे काम पुण्याजवळ आणले नोशीर होर्मसजी अंतिया यांनी. १९२२ साली हुबळीत जन्मलेले अंतिया मुंबईच्या ग्रँट मेडिकलमध्ये शिकले, इंग्लंडमध्ये प्लॅस्टिक सर्जरी शिकून १९५० च्या दशकात परतले आणि कोंढव्याच्या कुष्ठरोग रुग्णालयात रुग्णांचे चेहरे आणि हात दुरुस्त करू लागले. हेच आजचे डॉ. बांदोरवाला रुग्णालय. इंग्लंडहून नुकत्याच परतलेल्या डॉक्टरने श्रीमंतांच्या दवाखान्याऐवजी ज्यांना कुणी शिवत नव्हते त्यांच्यावर आपली विद्या खर्च केली. कोंढवा तेव्हा पुण्याबाहेरचे गाव होते. शिरूर, दौंड, इंदापूरच्या वाड्यावस्त्यांतून हाकललेली माणसे अशाच ठिकाणी आसरा शोधत. पुण्यात हाताची शस्त्रक्रिया इस्पितळांच्या मुख्य दालनातून आली नाही, ती वेशीबाहेरच्या त्या खोल्यांतून आली, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे सत्य वाटते.

आपल्याच हातावर एक गोष्ट करून पाहा. अंगठा आणि करंगळी टेकवा आणि मनगट जरासे वाकवा. मनगटाच्या मधोमध एक बारीक दोरी उभी राहील. काहींना ती नसतेच आणि नसली तरी त्यांचे काही अडत नाही. पाल्मारिस लाँगस या स्नायूची ही दोरी. अंतियांनी १९६९ साली प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत याच दोरीला मांडीतल्या पडद्याची जोड देऊन तिच्या चार शेपट्या केल्या जातात. त्या मनगटाच्या बोगद्यातून तळव्यात नेऊन चार बोटांना एकेक जोडतात. ज्याच्या नसण्याने काही अडत नाही ते काढून, ज्यावाचून सगळे अडले आहे तिथे लावायचे. इतकी साधी आणि इतकी धीट युक्ती.

खरे काम मात्र शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर असते. आखडून घट्ट झालेले सांधे आधी गरम मेणात बुडवून, तेल चोळून, रोज ताणून मोकळे करावे लागतात, नाहीतर नवी दोरी ओढणार तरी काय? शस्त्रक्रियेनंतर तीनेक आठवडे प्लास्टर. मग मेंदूला नवा धडा द्यायचा. काल जो स्नायू मनगट वाकवीत होता तोच आज बोटे सरळ करणार आहे. रुग्णाला सांगतात, मनगट वाकवायचा विचार करा. तो विचार करतो आणि बोटे उघडतात. स्पर्श परत येत नाही, म्हणून कपाला कापड गुंडाळायचे, विळ्याची मूठ जाड करायची, रोज संध्याकाळी हात नीट पाहायचा, हेही शिकवायचे.

१९५८ साली नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांच्या हाताखाली प्लॅस्टिक सर्जरीचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात टाटांच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या विभागाची धुरा अंतियांकडे आली. याच विभागातून १९७१ साली अंतिया आणि व्ही. आय. बुच यांनी एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. पोटावरचा चरबीयुक्त कातड्याचा तुकडा पूर्ण सुटा करून त्यांनी चेहऱ्यावर नेला होता आणि तिथल्या रक्तवाहिन्यांना थेट शिवून जिवंत ठेवला होता. जगात अशा सुट्या तुकड्याच्या प्रत्यारोपणाच्या अगदी पहिल्या प्रयत्नांत याची गणना होते. दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या वाहिन्या शिवता आल्या की पुढचा प्रश्न आपोआप येतो: तुटलेले बोट का जोडू नये?

ते जगात सुरू झाले होते. १९६२ मध्ये बॉस्टनला रोनाल्ड माल्ट यांच्या चमूने एका मुलाचा रेल्वेखाली खांद्याजवळून तुटलेला हात जोडला. १९६३ मध्ये शांघायला चेन झोंगवेई यांनी एका कामगाराचा तुटलेला पंजा जोडला. १९६५ मध्ये जपानच्या कोमात्सू आणि तमाई यांनी पूर्ण तुटलेला अंगठा जोडला. मुंबईत डॉ. बी. बी. जोशी यांनी हाताच्या आणि पायाच्या आखडलेल्या सांध्यांसाठी बाहेरून तारा आणि सळया बसवून हळूहळू ताणणारी एक स्वस्त रचना घडवली. ती आज देशभर ‘जेस’ म्हणून ओळखली जाते आणि जन्मजात वाकड्या पायांच्या मुलांसाठीही वापरली जाते.

ज्या काळात हात जोडण्याची विद्या घडत होती, त्याच काळात हात तोडणारी यंत्रे शेतात आली. हरितक्रांतीबरोबर आलेल्या मळणीयंत्रांनी पंजाब-हरियाणात इतके हात खाल्ले की केंद्राला १९८३ साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदा करावा लागला. पेंढी घालताना हात आत पोहोचू नये म्हणून मळणीयंत्राच्या तोंडाला ठरावीक लांबीचा झाकलेला पन्हाळा हवा, असा दंडक आला. कडबाकुट्टीच्या पात्याला आणि गुऱ्हाळाच्या चरकाला असे संरक्षण क्वचितच दिसते. न्हावऱ्याभोवती हे सगळेच आहे. घोडगंगा साखर कारखाना इथलाच. ऊस, मळणी, गुरांसाठी कुट्टी, आणि पलीकडे रांजणगाव-सणसवाडीत पत्र्याला आकार देणाऱ्या दाबयंत्रांचे कारखाने. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टात हाताचा भाव ठरलेला होता. अंगठा गेला तर कमाईची क्षमता ३० टक्के गेली असे धरत, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, करंगळी ७ टक्के. हा तक्ता वाचताना माझा हात आपोआप मुठीत मिटतो.

तुटलेल्या पंजात स्नायू असतात आणि ते रक्ताविना उबेत फार तर सहा तास तगतात. बोटात स्नायू नसतात, म्हणून ते थंड ठेवले तर अधिक काळ थांबू शकते. न्हावऱ्याहून पुणे सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे वेळ पुरतो, पण तेवढ्यात चुका झाल्या नाहीत तर. तुटलेला भाग स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळायचा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करायचा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवायची. बर्फावर थेट ठेवला तर मांस गोठून मरते. पाण्यात नुसता बुडवला तर फुगतो. जखमेवर चुना, हळद, तंबाखू भरली तर सर्जनचा पहिला तास ती धुण्यात जातो.

आणखी एका जागी गावात हात जातो, आणि तिथे यंत्राचा काही संबंध नसतो. चिंचेवरून किंवा बोरीवरून पडलेल्या पोराचे कोपराच्या वरचे हाड मोडते. घरचे त्याला हाडवैद्याकडे नेतात. बांबूच्या कामट्या करकचून बांधल्या जातात. आत सूज वाढते, रक्त अडते आणि पुढच्या हातातले स्नायू काही तासांत मरतात. महिन्याभराने कामट्या सुटतात तेव्हा हाड जुळलेले असते, पण बोटे कायमची वाकलेली असतात. जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ साली या आखडण्याचे वर्णन केले. बोटे निळी पडली, बोटे सरळ करताना पोर किंचाळले, तर पट्टी त्याच क्षणी कापायची, एवढे कळले तरी असा हात वाचतो.

हात गेलाच तर आता दुसऱ्याचाही बसवता येतो. २०१५ साली कोचीच्या अमृता रुग्णालयात डॉ. सुब्रमणिया अय्यर यांच्या चमूने मेंदूमृत दात्याचे दोन्ही हात एका तरुणाला बसवले. ऑगस्ट २०२० मध्ये मुंबईच्या ग्लोबल रुग्णालयात रेल्वे अपघातात दोन्ही हात गमावलेल्या तरुणीवर असेच प्रत्यारोपण झाले. अशा हातात तुटलेली नस दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढते. मनगटापासून बोटाच्या टोकापर्यंत पोहोचायला तिला सहा-सात महिने लागतात, कोपरापासून वर्षाहून अधिक. तेवढे सगळे महिने व्यायाम करावा लागतो. टेंडन शिवलेल्या साध्या रुग्णालाही तो चुकत नाही.

आणि इथेच ग्रामीण रुग्ण मागे पडतो. पुण्यात शस्त्रक्रिया उत्तम होते. मग दर आठवड्याला पुण्याला जायचे तर एक दिवसाची मजुरी जाते, बरोबर येणाऱ्याचीही जाते. दोन-तीन फेऱ्यांनंतर जाणे थांबते आणि शिवलेली दोरी आत चिकटून बसते. अंतियांनी हे ओळखले होते. रक्तवाहिन्या जोडण्याच्या शिखरावर असताना त्यांनी १९७० च्या दशकात रायगडच्या मांडव्यात गावातल्या बायकांना आरोग्याचे शिक्षण द्यायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या संस्थेने पुणे जिल्ह्यातच, पुरंदर तालुक्यातल्या परिंचे खोऱ्यात ते काम वाढवले. शाळा फार न शिकलेल्या बाया उपचाराचे किती काम पेलू शकतात, हे त्यांनी तिथे करून दाखवले. न्हावऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून दोन दिवस हाताचा व्यायाम शिकवणारा एक माणूस बसवला, आशाताईंना बोटे वाकवण्याचे चार प्रकार शिकवले आणि पुण्याच्या सर्जनने रुग्णाबरोबर मराठीत लिहिलेली एक पानाची चिठ्ठी दिली, तर कित्येक शिवलेले हात घरी येऊन फुकट जाणार नाहीत.